लहानूमामाची अर्धी हाक

नमो बुद्धाय.

बसा, सगळे बसा. मागं उभे आहात ते पण बसा. सतरंजी पुरत नसन तर जमिनीवर बसा, मामाले जमिनीवर बसणारी माणसंच आवडत होती.

सखूमामी, आपल्या कामगार वस्तीच्या, कॅम्प वनच्या माय-बहिणींनो, दुर्गच्या रेल्वे लाइनीतून आलेल्या जुन्या सोबत्यांनो, अन् माझ्या गँगच्या भावांनो. तुम्ही दिवसभराची ड्यूटी करून, अंगावरची लाल धूळ तशीच घेऊन इथं आलात. मले बोलायले सांगितलं. मी नाही म्हटलं. सब्बल धरायले सांगा, बोलायले नोका सांगू, असं म्हटलं. मग मनात आलं, मी नाही उठलो तर दुसरा कोणी उठन अन् म्हणन, मामा पिकलं पान होतं, गळलं. ते मले ऐकवणार नाही. म्हणून उभा आहे.

मी गोविंदा. जे ओळखत नाहीत त्यायच्यासाठी सांगतो. नागपूरकडच्या लाइनीवर मी लहानूमामाच्या हाताखाली गिट्टी ठोकत शिकलो. मामा रेल्वेतून रिटायर झाले, अन् तेवढ्यात इथं लोखंडाचा कारखाना उभा राहून राहिला, आतमध्ये रूळ टाकायले जाणते हात पाहिजेत, असं कळलं. मामानं ट्रंक उचलली, मी माझी वळकटी उचलली. ते माझे सख्खे मामा नव्हते. गँगमध्ये कोणाचेच नव्हते. पण ते गँगचे मुकादम, अन् गँगमधल्या चौदाही जणांचे मामा.

आज पाचवा दिवस. मले अजून खरं वाटून नाही राहिलं. काल सकाळी डबा बांधताना मी दोन कांदे घेतले. एक माझा, एक मामाचा. दोन्ही फडक्यात बांधून झाले, तेव्हा आठवलं. मग गाठ सोडली अन् एक परत टोपलीत ठेवला. बायको पाहत होती. 

मंगळवारी काय झालं, ते तुमच्यापर्यंत तुकड्या-तुकड्यानं आलं असन. कोणी म्हणते, मामाले ऊन लागलं. कोणी म्हणते, इंजिनाच्या शिट्टीनं दचकले. कोणी म्हणते, सकाळी उपाशी आले होते. मी तिथं होतो. मामापासून सात पावलांवर होतो. मी सांगतो.

पण त्याच्या आधी हाक सांगावी लागन. इथं बऱ्याच बाया-माणसं अशी आहेत ज्यायनं हे काम जवळून पाहिलं नाही.

रूळ एका माणसानं हलत नाही. बारा-चौदा जण रुळाखाली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून उभे राहतात, अन् सगळ्यांचा जोर एकाच वेळी लागला पाहिजे. एकाचा आधी लागला अन् दुसऱ्याचा मागून, तर माणसाची कंबर जाते अन् रूळ तिथंच राहते. म्हणून मुकादम हाक देते, गँग उत्तर देते, अन् उत्तराच्या शेवटच्या शब्दावर जोर लागते. पहिले आमच्या हाका देवाच्या नावाच्या होत्या. मामानं दीक्षा घेतली अन् त्या हाका सोडल्या. म्हणाले, "देवाले कायले बोलावता रे? हात आपले हायेत न?" अन् आपली स्वतःची हाक बनवली.

मामा म्हणत, "रूळ काय म्हनते?"

आम्ही म्हणत होतो, "नाही हालत!"

मामा म्हणत, "आपन काय म्हनतो?"

आम्ही म्हणत होतो, "हालवतो तुले!" अन् 'तुले'वर चौदा सब्बलींचा जोर. रूळ बोटभर सरकून जाई.

वारा तिकडून असला म्हणजे तुम्ही कॅम्पातल्या बायांनीसुद्धा ही हाक ऐकली असन. मामाचा आवाज काय होता! शेजारच्या गँगचे लोक चुकून आमच्या हाकेवर जोर लावत होते.

तो आवाज मागच्या थंडीपासून आखूड झाला. "रूळ काय म्हनते" हे मामा म्हणत. आम्ही उत्तर देत होतो. अन् मग मामा थांबत. छातीवर हात नाही, काही नाही, नुसते थांबत. आम्ही सब्बलीवर वाकलेले, हात भरून आलेले. एक दिवस मीच म्हणून टाकलं, "आपन काय म्हनतो?" गँगनं जोर लावला, रूळ सरकला. मामानं माझ्याकडे पाहिलं अन् हात वर केला, शाबास म्हणून. मले काय वाटलं असन सांगा! मले वाटलं, मामा मले मुकादमी शिकवून राहिले. मी घरी जाऊन बायकोले सांगितलं, आता अर्धी हाक माझी आहे.

पुढं पुढं मामा फक्त "रूळ" म्हणायचे. एवढंच. बाकी सगळं आम्हीच म्हणत होतो. आमच्याच तोंडून प्रश्न, आमच्याच तोंडून उत्तर. अन् आम्हाले त्याचा गर्व होता, भाऊ हो! आमचे पोट्टे दुसऱ्या गँगवाल्यांले चिडवत होते, "तुमच्या मुकादमाले घसा फाडा लागते, आमचा मामा एक शब्द बोलते अन् रूळ घाबरून सरकते." मामा हसत होते. मी पण हसत होतो.

म्हाताऱ्या माणसाचा दम तुटून राहिला होता, अन् आम्ही तो चौदा तोंडांनी झाकून राहिलो होतो. कोणाले कसा दिसन?

आता मंगळवार.

चहा झाला होता. मामा या स्टुलावर बसले होते. हेच, ज्याले तुम्ही आज हार घातला. मामाचा फोटो कोणापाशी नाही, म्हणून हे ठेवलं. रुळाखालच्या साल लाकडाच्या जुन्या स्लीपरचा तुकडा तासून मीच बनवलं होतं. मामानं सब्बल दोन्ही पायांच्या मधात उभी धरली होती, तिच्या टोकावर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. रोज तसेच बसत. आम्ही सब्बली घातल्या. मामा म्हणाले, "रूळ."

आम्ही म्हटलं, काय म्हनते, नाही हालत, आपन काय म्हनतो, हालवतो तुले. रूळ सरकला.

परत झालं. परत सरकला. परत. अन् अजून एकदा. चार वेळा.

मग मी मागं वळून विचारलं, "मामा, रुळाचं सूत बरोबर हाय न जी?" मामा काही बोलले नाही. डोळे रुळाकडे होते. पोट्टे हसले, म्हणाले, मामा नेम धरून राहिले. मी परत म्हटलं, "मामा, बोला न जी." मग मी जवळ गेलो. खांद्याले हात लावला. सब्बल बाजूले झाली अन् मामा माझ्या अंगावर आले. काहीच वजन नव्हतं. काहीच नव्हतं हो त्या माणसाले वजन.

मी त्या दिवसापासून एकच गोष्ट विचारून राहिलो. बाकीच्या तेराही जणांले एकेकटं गाठून विचारलं. पहिल्या वेळी मामानं "रूळ" म्हटलं, ते सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या वेळी म्हटलं का? तिसऱ्या वेळी? चौथ्या? कोणाले सांगता येत नाही. एक जण म्हणते, ऐकलं. दुसरा म्हणते, नाही ऐकलं. मी स्वतः शपथ घेऊन सांगू शकत नाही. चार वेळा आमाले हाक आल्यासारखी वाटली अन् चार वेळा आम्ही जोर लावला. माणूस आमच्या मधून उठून गेला होता, अन् आम्ही त्याच्या नावानं हाक देऊन रूळ सरकवून राहिलो होतो.

कसं झालं हे? सात पावलं. सात पावलांवर होतो मी.

मामाले ट्रॉलीवर घातलं अन् आमच्याच टाकलेल्या रुळावरून ढकलत गेटापर्यंत पळालो. जोडावर ट्रॉली खडखडली पण नाही, असा तो रूळ मामानं बसवून घेतला होता. तिथून दवाखाना. डॉक्टरीणबाईनं नाडी पाहिली, छातीले नळी लावली, डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं. मग म्हणाल्या, हे तर तिथंच गेले होते.

मी बाकावर बसलो.  बाई बाहेर आल्या, त्यायले कागद भरायचा होता. त्या हिंदीत बोलल्या, मी मराठीत सांगतो.

म्हणाल्या, यांचं वजन उतरलं होतं का? मी म्हटलं, हाव बाई. पट्ट्याले दोन नवीन भोकं मीच खिळ्यानं पाडून दिली होती. पाडताना चिडवलं होतं, "काय मामा, नवरदेव होता का परत?"

म्हणाल्या, हातातली पकड? मी म्हटलं, डब्याचं झाकण मी उघडून देत होतो. तसं ते झाकण घट्टच होतं, असं पण मी सांगितलं. बाईनं पकडीचं लिहून घेतलं.

म्हणाल्या, वाकताना दम लागायचा? आता ऐका. तुमच्यापैकी ज्यायनं मामाले नागपूरकडं पाहिलं आहे त्यायले माहीत आहे, मामा जमिनीवर आडवे होऊन, गाल रुळाले लावून, एक डोळा मिटून रूळ पाहत होते. अन् सांगत, सूतभर डाव्या हाताले सरकवा. इथं एकदा कारखान्याचा रशियन साहेब आपलं तीन पायांचं यंत्र घेऊन आला. मामा म्हणाले, सूतभर डावीकडं. साहेबानं यंत्रातून पाहिलं, कागदावर काही तरी मांडलं, परत पाहिलं, अन् मग मामाले सिगरेट दिली. मामा सिगरेट ओढत नव्हते. त्यायनं ती कानाले खोचली अन् दिवसभर तशीच मिरवली. तोच माणूस मागच्या वर्षभरात एकदाही रुळापाशी वाकला नाही. म्हणायचे, "गोविंदा, तू पाह्य. तुहा डोया जवान हाय." मी आडवा पडून पाहत होतो, अन् मले वाटायचं, माझी बढती झाली.

बाईनं पाय सुजण्याचं विचारलं. बाईनं चालीचं विचारलं. अन् मी दर वेळी एकच सांगत होतो, बाई, म्हातारपण होतं. पाचव्यांदा म्हटलं तेव्हा बाईनं पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "म्हातारपण हे काही दुखणं आहे का? वय किती?" मी म्हटलं, त्रेसष्ट-चौसष्ट असन. बाई म्हणाल्या, "माझे वडील याहून मोठे आहेत. रोज कोसभर चालून येतात."

मग त्यायनं मले समजावलं. रागानं नाही. शेजारी बसून समजावलं. म्हणाल्या, माणूस म्हातारा होणं वेगळं अन् माणूस झिजणं वेगळं. वजन उतरते, पकड सुटते, चाल मंद होते, थोड्याशा कामानं जीव थकते. एकेक गोष्ट पाहिली तर वाटते, वय झालं. पण या सगळ्या गोष्टी एकाच माणसात एकाच वर्षात आल्या, म्हणजे कोणी तरी त्याच्या छातीले कान लावायले पाहिजे. कारण काळीज कमजोर झालं, तर पहिले हात-पाय सांगतात. अन् हात-पाय झिजले, तर त्याचा भार परत काळजावर येते. मी ते माझ्या हिशेबानं समजलो. एका सब्बलीवर दोन माणसं लावली अन् एकानं जोर सोडला, तर दुसऱ्याची पण कंबर जाते.

मले वाटलं, आता आपली चांगली बाजू सांगावी. मी म्हटलं, बाई, आम्ही तर त्यायले काहीच करू देत नव्हतो. पाणी हातात, डबा हातात. स्टूल बनवून दिलं. बसवूनच ठेवलं होतं.

मले वाटलं, बाई म्हणतील, चांगलं केलं.

बाईनं कागद बाजूले ठेवला. मग म्हणाल्या, "बसलेला पाय अजून झिजतो, भाऊ. त्यांना आधी इथं आणायचं होतं. तपासून, विचारून, झेपेल तेवढं चालवायचं होतं." मी विचारलं, आणलं असतं तर वाचले असते? बाईनं खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. पण पायातलं पाणी उतरवायचं औषध आमच्याकडं आहे, काळजाले आधार द्यायचं पण आहे. दम तरी लागला नसता एवढा.

एवढा. तो शब्द माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिला. म्हणजे त्या माणसाले रोज आमच्यासमोर एवढा दम लागून राहिला होता, अन् आम्ही त्याच्या एका शब्दाचा गर्व करून राहिलो होतो.

अन् मामा पण काही कमी नव्हते. आज वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. मले राग येते मामाचा. लपवत होते. तुमाले आठवते, मी गँगमध्ये काय सांगत होतो? पोट्टे उशिरा आले की मी मामाकडं बोट दाखवत होतो. "पाहा, तुमच्या आजोबाच्या वयाचा माणूस, सगळ्यांच्या आधी कामावर! लाज वाटू द्या जराशी." रोज अर्धा तास आधी. आम्ही म्हणत होतो, जुन्या लोखंडाची गोष्टच वेगळी.

परवा मामीनं मले सांगितलं. मामी, मी इथं बोललो तर चालन न? मामी म्हणाल्या, "कायचं जुनं लोखंड रे, गोविंदा. घरून आधी निंघत, कावून की रस्त्यानं चारदा बसा लागे. नाल्याच्या मोरीवर बसत, निंबाखाली बसत, टाकीपाशी बसत, अन् मंग गेटापाशी. पोट्ट्याइनं पाहू नये म्हनून आधी निंघत." मी विचारलं, मामी, मग दवाखान्यात कावून नाही नेलं? मामी म्हणाल्या, "म्या म्हनलं न. तं म्हने, अनफिट केलं तं? मंग मले घरी बसवतीन. मले सारं चालन, सखू, पन बसवलेलं नाही चालनार."

अन् मले ते आठवलं. हे स्टूल दिलं त्या दिवशी सगळ्या गँगनं टाळ्या वाजवल्या होत्या. मामानं स्टुलावर हात फिरवला, रंधा कुठं कुठं चुकला ते मले दाखवलं, अन् मग हळूच म्हणाले, "स्टूल चांगलं हाय गोविंदा. पन मले बसवू नोका रे." आमाले वाटलं, मामा संकोच करून राहिले. आम्ही खांद्याले धरून बसवलं. मामा बसले. आमचं मन राखायले बसले.

दवाखान्याच्या भीतीनं तो माणूस दवाखान्यात गेला नाही, अन् आम्ही मानानं त्याले तेच दिलं ज्याची त्याले भीती होती. काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात. आमच्या तर काखेतही नव्हता, डोळ्यासमोर होता.

मी हे तुमच्यासमोर कावून बोलून राहिलो? माझं ओझं उतरवायले? नाही. ते उतरणार नाही, मले माहीत आहे. एक गोष्ट आहे. ती आज नाही बोललो तर परत उशीर होईन.

मामी, आता तुमचं. रागावू नोका.

मामाले पोचवून आलो त्या दिवसापासून मामीले कोणी हात हलवू देऊन नाही राहिलं. आपल्या बायांची माया आहे, मी वाईट म्हणत नाही. चूल दुसरी पेटवते, अंगण दुसरी झाडते. काल सकाळी मी तिथंच होतो. मामी उठल्या अन् म्हणाल्या, "माहा पान्याचा गुंड द्या. नळावर जातो." तर तिघी जणी एकदम म्हणाल्या, "तुमी बसा, मामी. आमी आनतो पानी." मामी म्हणाल्या, "पन मले जायाचं हाय." तरी गुंड कोणी दिला नाही. मामी परत भिंतीले टेकून बसल्या.

तुमी बसा, मामी. तुमी बसा, मामा. मले माझाच आवाज ऐकू आला.

मग मी पाहायले लागलो. डोळ्यात तेल घालून पाहायले लागलो, जसं वर्षभर पाहायले पाहिजे होतं. मामीनं पोलक्याच्या बाह्या टाके घालून आवळल्या आहेत. आजचे टाके नाहीत ते, धुऊन धुऊन पांढरे पडले आहेत. दारातली एक पायरी चढल्या अन् चौकटीले धरून थांबल्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही रे, वय झालं."  हेच तर मी बाईले पाच वेळा सांगितलं होतं.

सोमवारी मी सुटी घेतली आहे. मी मामीले दवाखान्यात नेणार, त्याच बाईकडं. डोकं नोका हलवू, मामी. तुमाले कोण अनफिट करते? तुमची कोणती नोकरी जाते? आपण दिवसाउजेडी जाऊ, सगळ्यांच्या समोरून. दहादा बसावं वाटलं तर दहादा बसू. मी पण बसन तुमच्यासोबत. अन् लोकं विचारतीन, कावून बसले, तर सांगू, दम लागला म्हणून बसलो. त्यात लाजायचं काय आहे? मामानं हे एक वाक्य मोठ्यानं म्हटलं असतं, तर आज मी इथं उभा नसतो.

अन् माय-बहिणींनो, तुमाले हात जोडतो. डॉक्टरीणबाईनं हो म्हटलं की मामीचा गुंड मामीले द्या. अर्धा भरून द्या, पण द्या. त्यायच्या सोबत चाला. हातातून काम हिसकू नका, हाताले हात लावा. इथं बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याले, म्हातारीले उद्या नीट पाहा. कालपेक्षा हळू चालून राहिली का? घास कमी झाला का? लुगडं सैल झालं का? अन् "वय झालं" असं तोंडात आलं, तर जीभ चावा अन् दवाखान्याची वाट धरा.

बैल गेला अन् झोपा केला, असं कोणी म्हणन मले. म्हणू द्या. गोठ्यात अजून जीव आहेत.

हे स्टूल उद्या मी इथून नेणार. हार काढून नेणार. मोरीपाशी, मामा पहिल्यांदा बसायचे तिथं, रस्त्याच्या कडेले ठेवणार. ज्याले दम लागला त्यानं उघड बसावं, दम घ्यावा, अन् उठून पुढं जावं. बसून राहायले नाही ठेवत मी ते. उठायले ठेवतो.

आता शेवटचं. रीतीप्रमाणं आपण उभे राहून मौन पाळू. पण नुसतं नाही.

गँगवाल्यांनो, तुम्ही पुढं या. अजून पुढं. जसे रुळावर उभे राहता तसे उभे राहा. मी मामाचा तो एक शब्द म्हणीन. वर्षभराची सवय आहे, तुमच्या तोंडात पुढचं सगळं आपोआप येईन. माझ्या पण येईन. ते गिळा. मामा थांबले की ती जागा आम्ही दर वेळी भरली. गोंगाट करून भरली. मंगळवारी पण भरली. त्या जागेत काय होतं, ते एकदाही ऐकलं नाही.

आज ती जागा मोकळी ठेवा. कोणी उत्तर देऊ नोका. किती वेळ, ते मी सांगणार नाही. मामी खाली बसतीन तेव्हा आपण बसू.

मामा, तुमच्या गोविंदाचा शेवटचा नमस्कार. चूक झाली जी.

उभे राहा सगळे.

रूळ…